घराबाहेरच्या रात्री

बुटांच्या खोक्यातून मी अख्खं वर्ष आणतो.
ओलेटा ब्रांट झाकण उचलते, आत वाकून बघते,
"यंदा रबरबँड तरी लावलेत, वेंडेल."
ग्रँड आयलंडमधलं तिचं ऑफिस, खोकणारा हीटर,
एप्रिल उजाडला तरी पार्किंगच्या कडेला मळका बर्फ
आणि त्याच्यामागे माझा निळा ट्रक, दोन जागा अडवून.

डिझेल. डिझेल. पुन्हा डिझेल.
डॅशबोर्डवरच्या उन्हात कितीतरी पावत्यांची शाई उडून गेलेली,
अल्बुकर्कची तर कोरी करकरीत.
चारशे बारा डॉलर, मी सांगतो, मला पक्कं आठवतंय.
ती म्हणते, कागद बोलला पाहिजे, तुम्ही नाही.

वायोमिंगच्या घाटात घेतलेल्या साखळ्या चालतात.
मागच्या डाव्या टायरांची जोडी, ताडपत्री,
हातमोजे (एक लारामीला पडला, तरी जोडी धरतात).
जीन्स नाही चालत.
"जीन्स तुम्ही लग्नालाही घालाल."
घातली होती, मी म्हणतो. मार्व्हेल अजून बोलून दाखवते. दाखवायची.
कुत्री? राखणीला असेल तर बघू.
वजन किती?
तेरा पौंड.
भुंकते?
वायपर सुरू झाले की.
ओलेटाची पेन्सिल हवेतच थांबते, मग पुढे जाते.

"आता जेवणाचं. घराबाहेर रात्री किती?"
दोनशे अठ्ठ्याऐंशी.
पावती नको, रात्रीमागे ठरलेली रक्कम,
ती गुणाकार करते आणि कागद माझ्याकडे फिरवते.
इतकं वजा माझ्या नावावर कधी पाहिलं नव्हतं.
त्या सगळ्या रात्री, इंजिन चालू ठेवून घेतलेल्या डुलक्या,
गॅस स्टेशनवरचं सँडविच, रबरासारखं अंडं,
कुणीतरी मोजत होतं म्हणायचं.

"पत्ता तोच ना?"

ऑगस्टात विकलं घर, मी म्हणतो.
पडदे तिनं नेले, टूलबॉक्स मी.

"मग आता राहता कुठे?"
मी खिडकीबाहेर बोट दाखवतो.
आत बेड आहे, छोटा फ्रिज आहे,
कुत्रीची गोधडी आहे.

तिनं चष्मा काढला.
आवाज खाली आणून म्हणाली, डॉक्टर बोलतात तसा,
"ट्रक हेच घर असेल तर तुम्ही घराबाहेर गेलाच नाहीत.
ज्याला घर नाही, त्याला बाहेर नाही.
मी नाही केला हा नियम."
आणि खोडरबर घेऊन
ऑगस्टपासूनच्या एकशे चोवीस रात्री पुसू लागली.
भुगा फुंकला. थोडा माझ्या बाहीवर आला.

"कुठे खोली? भाडं? काहीही?"
ऑर्डला बहीण आहे, इर्मा. तिच्या तळघरात माझा जाड कोट,
हरणाची शिंगं, एक घडीची खाट.
नाताळात झोपलो होतो. बॉयलर रात्रभर पुटपुटत होता.
"पैसे देता तिला?"
तिनं घेतले नाहीत.
"घ्यायला हवे होते," ओलेटा म्हणाली,
आणि आम्ही दोघंही त्या कोऱ्या पावतीकडे बघत बसलो.
खोटं लिहा असं मी म्हटलं नाही. तीही म्हणाली नाही.
एकशे चौसष्ट रात्री उरल्या. सही केली.

ट्रकमध्ये चढलो. किल्ली फिरवली नाही.
आधी फोन लावला.
इर्मा, तळघराचे महिन्याला दोनशे घेशील?
कशाचे?
बाहेर असण्याचे.
पलीकडे नळ बंद झाला. भांडं खाली ठेवल्याचा आवाज.
"तू प्यायलायस का?"
नाही. आणि पावती लागेल. दर महिन्याला, तारीख घालून.
"भावाला पावती," ती म्हणाली. बराच वेळ काही बोलली नाही.
मग,
"शिंगं काढून ठेवते भिंतीवरून, तुझ्या डोक्याला लागतात.
आणि कुत्रीचे पैसे वेगळे."